खालांच्या दारातली भिंत

दुसऱ्याचं भलं करायचं मनात आलं की मी त्याला विचारत बसत नाही. हा माझा जुना रोग आहे. नवरा त्याला 'आमच्या घरची सरकारी योजना' म्हणतो, कारण लाभ ज्याला मिळायचा त्याला ती सगळ्यांत शेवटी कळते. शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून वर्षानुवर्षं काढली, त्यामुळे माझ्या आवाजालाही तशी धार आली आहे. लोक पटकन 'बरं बाई' म्हणून मोकळे होतात. शेजारच्या खाला मात्र तशा नव्हत्या. त्या ऐकून घ्यायच्या, हसायच्या आणि आपलं म्हणणं एकदाच सांगायच्या. ते एकदाच सांगितलेलं मी ऐकलं असतं तर आज हे लिहायला बसले नसते.

ऐरोलीत खाडीच्या अंगाला आमची बैठ्या घरांची गल्ली आहे. एकाला एक चिकटलेली घरं, दोन घरांत मिळून एक भिंत. लग्न होऊन मी परभणीकडून इथं आले तेव्हा गल्लीतली सगळी घरं एका पातळीत होती. पुढं ज्याच्या हाती पैसा आला त्यानं घर पाडून वर मजला चढवला आणि तो चढवताना जोतं दोन-तीन फूट उचलून घेतलं. रस्ताही दर एक-दोन वर्षांनी जुन्या थरावर नवा थर टाकून उंच होत गेला. राहता राहिलं खालांचं घर. त्यांचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती लेक करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहायची, आणि खालांना घर पाडणं हा विषयच आवडायचा नाही. पूर्वी त्यांच्या घरात शिरताना एक पायरी चढावी लागे. आता रस्त्यावरून दीड फूट खाली उतरावं लागायचं.

खाला मूळच्या उरणकडच्या. माहेरी मिठागरं होती, वडील मिठाच्या शेतांचे बांध राखायचे. मी इथं आले तेव्हा माझ्याकडे ना फोन होता ना ओळखीचं कुणी. खालांनी मला पहिल्याच आठवड्यात एक पद्धत शिकवली. मधल्या भिंतीवर लाटण्यानं दोनदा ठोकायचं, म्हणजे 'ये'. पलीकडून दोनदा ठोकायचं, म्हणजे 'आले'. कशाला बोलावलंय ते भिंतीवर सांगता येत नसे. बोंबलाची चटणी जास्त झालेली असो की सिलेंडर संपलेला असो, ठोका तोच. आणि एकदा 'आले' म्हणून ठोकलं की हातातलं टाकून जायचं. माझी मुलगी वर्षाची असताना तापात तिला आकडी आली. मी भिंतीवर नुसती मूठ आपटत होते, दोनदा की दहादा ते मलाही कळत नव्हतं. पलीकडून दोन ठोके आले आणि त्यांचा आवाज विरायच्या आत खाला माझ्या दारात होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठाचे. त्या पिठाच्या हातांनीच त्यांनी पोरीला कुशीवर वळवलं. रिक्षा त्यांनीच थांबवली, दवाखान्यातही त्याच पुढं झाल्या.

चार वर्षांपूर्वी आम्हीही, मधली भिंत तेवढी ठेवून, घर पाडून बांधलं. जोतं तीन फूट वर घेतलं, स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर नेलं. त्याच पावसाळ्यात गल्लीतलं पाणी आमच्या जोत्याला थडकून सरळ खालांच्या दारात उतरायला लागलं. आधी यायचं नाही असं नाही, पण आता हक्कानं यायला लागलं. हे आमच्यामुळं होतंय हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. मग मी एक नियमच केला. भरती आणि पाऊस एकत्र आले आणि गल्लीत घोटाभर पाणी दिसलं की लगेच खाली जायचं आणि खालांना हाताला धरून आमच्याकडे घेऊन यायचं. त्या वर माझ्या स्वयंपाकघरात बसून कोथिंबीर निवडायच्या आणि माझ्या चहाला नावं ठेवायच्या. "ह्यात चाय कुठं हाय? दूध उकळलंस नुसतं." पाणी ओसरलं की आम्ही दोघी मिळून त्यांचं घर धुवायचो.

दोन-तीन वर्षं हे चाललं. त्यांच्या गुडघ्यांनी मात्र दिवसेंदिवस संप पुकारला. एका पावसाळ्यात त्यांच्या मिस्टरांची एकमेव तसबीर भिजून त्यातला चेहरा पुसला गेला. त्यांनी ती पुसून परत खिळ्याला लावली, आणि मला रात्रभर अपराध्यासारखं झालं. आणि मग माझ्या डोक्यात योजना आली.

मी गवंडी बोलावला आणि खालांच्या दारात, चौकटीला लागून, विटांची भिंत घालायला सांगितली. अशा भिंती आमच्याकडे खालच्या घरांतून बऱ्याच दिसतात, पण त्या हातभर असतात. मला पक्कं काम हवं होतं. बाहेरून दीड फूट, म्हणजे आतून चांगली तीन फूट. वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा, वर काळ्या कडप्प्याची पट्टी. बाहेरच्या बाजूनं एक पायरी केली. आतून दोन पायऱ्या करायच्या होत्या, पण गवंडी दुसऱ्या कामावर निघून गेला आणि 'येतो, येतो' म्हणत आलाच नाही. तोवर म्हणून आतून एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. खाला त्या स्टुलावर चढायच्या, भिंतीवर बसायच्या, एकेक पाय उचलून बाहेर घ्यायच्या. सवय झाल्यावर त्यांना ते जमायलाही लागलं.

भिंत ओली होती तेव्हा खाला बाहेर खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, हिला खाली एक भोक ठेव. लाकडाचा दट्ट्या मारू त्याला."

"भोक कशाला? पाणी आत यायला?"

"भायेर जायाला. बांधाला उघाडी लागते. आमच्या बापानं उघाडीबिगर बांध कदी घातला नाय. पानी कुटून येईल ते आपल्याला थोडंच सांगून येतं?"

उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातलं दार, आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं. मी हसले. म्हटलं, "खाला, हे घर आहे, मिठागर नाही. पाणी येतं ते रस्त्यावरून, आणि रस्ता या बाजूला आहे." मी जिथून आले तिथं पाणी टँकरनं यायचं. आम्हाला लहानपणापासून एकच माहीत, पाणी अडवायचं. ते सोडायचं कसं असतं हे आमच्या गावीही नव्हतं. गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं, मी 'नको' म्हणून मान हलवली, आणि भिंत बिनभोकाची झाली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता, वर अमावास्येचं उधाण, भरती भर दुपारी बाराच्या सुमाराला. पहाटेपासून असा पाऊस लागला होता की समोरच्या घराचा रंग दिसेना. नऊ वाजता वीज गेली. दहाच्या सुमाराला गल्लीत पाणी चढायला लागलं आणि अकरापर्यंत रस्त्यावर फूटभर झालं. एवढं पाणी मी ऐरोलीत पूर्वी पाहिलं नव्हतं. कुणाच्या तरी कुंड्या, चपला, पाण्याचा रिकामा जार असं सगळं खाडीकडे जायच्या ऐवजी खाडीकडून आमच्याकडे येत होतं. पावसाचं पाणी खाली जात नव्हतं आणि भरतीचं वर येत होतं.

मी गॅलरीतून वाकून खालांच्या दाराकडे पाहिलं. भिंत उभी होती. पाणी कडप्प्याच्या अर्धा फूट खाली थांबलेलं, पलीकडे त्यांचं दार कोरडं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी मोबाईल काढला, फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'खालांचं घर सेफ'. लोकांनी अंगठे दाखवले. तिघांनी गवंड्याचा नंबर मागितला. त्या दिवशी मी खालांना आणायला गेले नाही. भिंत होती ना.

थोड्या वेळानं मी तळमजल्यावर आले. आमचं जोतं उंच, आत थेंब नव्हता, तरी जिन्याखालचं सामान वर उचलून ठेवावं म्हणून. तेव्हा मधल्या भिंतीवर दोन ठोके ऐकू आले.

स्वयंपाकघर वर गेल्यापासून ते ठोके फार दिवसांत ऐकले नव्हते. मला हसूच आलं. म्हटलं, बाहेर जग बुडतंय आणि म्हातारीला चहाची आठवण झाली. कोपऱ्यात जुना वरवंटा पडला होता, तो उचलला आणि उलट दोनदा ठोकलं. आले. मग दारापर्यंत गेलेसुद्धा. गल्लीतलं पाणी काळं झालं होतं, वर कसलातरी तेलाचा तवंग. गटाराचं झाकण कुठं आहे ते दिसत नव्हतं. म्हटलं, थोडं उतरू दे, मग जाऊ. तेवढ्यात वरून नवऱ्यानं हाक मारली, मुलीचा पुण्याहून फोन होता. मी वर गेले.

मुलीशी बोलले. मग परभणीहून भावाचा फोन, मग नणंदेचा. सगळ्यांना टीव्हीवर आमचं पाणी दिसत होतं, मी सगळ्यांना सांगितलं की आम्ही मजेत आहोत. चहा केला. नवऱ्यानं भज्यांचा विषय काढला, मी बेसन भिजवलं. मधूनच आठवायचं की खालांनी बोलावलंय, आणि मी मनात म्हणायचे, भजी घेऊनच जाते. असा दीड तास गेला. पत्र्यांवर पाऊस एवढा वाजत होता की आम्ही दोघं एका खोलीत ओरडून बोलत होतो.

साडेबारा वाजून गेले होते. नवरा गॅलरीत उभा होता. तो म्हणाला, "अगं, इकडं ये. हे काय होतंय?"

मी पाहिलं आणि पहिल्यांदा मला कळलंच नाही. खालांच्या भिंतीवरून पाणी पडत होतं. कडप्प्याच्या पूर्ण लांबीवरून, भरलेल्या टाकीवरून सांडतं तसं, सावकाश. मी मनाशी म्हटलं, शेवटी पाणी भिंतीवरून गेलंच. मग कठड्यावरून वाकून नीट पाहिलं. पाणी आत जात नव्हतं. ते आतून बाहेर येत होतं.

गल्लीत अजून फूटभरच पाणी होतं. खालांच्या घरात तीन फूट होतं.

जिना मी कशी उतरले ते आठवत नाही. नवरा माझ्या पुढं होता. त्यांचं दार अर्धं उघडं, मागं गादी तरंगत येऊन अडकलेली. मी "खाला, खाला" ओरडत होते. नवऱ्यानं भिंतीवरून आत उडी टाकली आणि तो कमरेपर्यंत बुडाला. मी त्याच्यामागून. पाणी थंडगार होतं आणि त्याला संडासाचा वास होता. तेव्हा मला ते पाणी कुठून आलं ते दिसलं. आत मोरीच्या जागी पाणी खालून उकळल्यासारखं वर येत होतं. वरच्या अंगाच्या सोसायट्यांचं सगळं पाणी भरतीनं तुंबलेल्या गटारातून मागं फिरलं होतं आणि गल्लीतलं सगळ्यांत खालचं भोक शोधून बाहेर पडत होतं. ते भोक खालांची मोरी होती. भिंतीनं रस्त्याचं पाणी खरंच अडवलं होतं. आणि हे पाणीही तिनं तितक्याच इमानानं अडवून धरलं होतं.

खाला लोखंडी पलंगावर बसल्या होत्या. पलंग पाण्याखाली, त्यांच्या छातीपर्यंत पाणी. डोक्यावरची ओढणी तशीच नीट होती. एका हातानं खिडकीचा गज धरलेला, दुसऱ्या हातात लाटणं. ओठ निळे पडले होते. मला बघून त्या काहीतरी बोलल्या, पण दात एवढे वाजत होते की शब्द बाहेर आला नाही. मी त्यांच्या हातातलं लाटणं काढायला गेले तर बोटं उघडेनात.

नवऱ्यानं त्यांना उचललं. समोरचा रिक्षावाला धावत आला होता, तो भिंतीच्या बाहेर उभा राहिला. तीन फुटांची भिंत ओलांडून एका थरथरत्या माणसाला बाहेर द्यायचं म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. कडप्प्याची धार त्यांच्या पोटरीला लागली, रक्त आलं. ती पट्टी मीच बसवून घेतली होती, शोभेसाठी.

वर आणून मी त्यांचे कपडे बदलले, माझा गाऊन घातला, दोन चादरी गुंडाळल्या, पाय चोळत बसले. चोळता चोळता माझी बडबड सुरू झाली. घाबरले की मी रागावते, हाही माझा रोग. "एवढं पाणी भरेपर्यंत आत काय करत होता तुम्ही? सुरुवातीलाच बाहेर नाही का यायचं? स्टूल होतं ना तिथं?"

चहाचे दोन घोट पोटात गेल्यावर त्यांना बोलता यायला लागलं.

"स्टुलावरच होती मी," त्या म्हणाल्या. "मोरीतनं पानी आलं, घोट्याएवढं झालं, तवाच स्टुलावर चढली. भिंतीवर बसली पन. म्हटलं, आता पाय टाकायचा भायेर. पन गल्लीत येवढं पानी, एकटीला भ्या वाटलं. म्हनून परत खाली उतरली, लाटनं घेतलं आनि तुला ठोका दिला."

मी त्यांचे पाय चोळायची थांबले.

"तुझा ठोका आला," खाला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता, जे झालं ते त्या सांगत होत्या. "म्हटलं, चला, येतेय ती. मग कशाला उगाच एकटीनं चढायचं? पलंगावर जाऊन बसली वाट बघत. तवर स्टूल तरंगून गेलं."

नवरा दारात उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"मग परत का नाही ठोकलंत?" मी विचारलं.

"परत कशाला? तू 'आले' म्हनालीस ना."

भज्यांचं बेसन ओट्यावर भिजत पडलं होतं.

संध्याकाळी ओहोटी लागली, गल्ली रिकामी झाली, लोक झाडू घेऊन बाहेर आले. खालांची मोरी गाळानं बुजली होती, त्यामुळे त्यांच्या घरातलं पाणी तसंच होतं, आमच्या टाकीतल्यासारखं गप्प. नवऱ्यानं पहार आणली. मी ती त्याच्या हातातून घेतली. भिंत खरंच पक्की निघाली. रस्त्यालगतची पहिली वीट निघेपर्यंत माझ्या तळहाताची सालं निघाली. भोक पडलं तेव्हा रस्त्याच्या वरचं सगळं पाणी माझ्या पायांवरून धो धो बाहेर गेलं, त्यातून खालांचे चमचे, डब्यांची झाकणं, औषधांची पाकिटं. एक वीट काढली एवढंच. तेवढंच भोक त्यांनी मागितलं होतं.

त्याच आठवड्यात खालांना न्यूमोनिया झाला. त्यातून त्या उठल्या, पण लेकीनं त्यांना इकडे परत येऊ दिलं नाही. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. तिला माझ्या ठोक्याबद्दल माहीत नाही. खालांनी सांगितलं नाही आणि मलाही अजून सांगता आलेलं नाही. ग्रुपवरचा तो फोटो मी काढून टाकला, तरी गल्लीतले एक काका अजून मला भेटले की गवंड्याचा नंबर विचारतात.

मी महिन्यातून एकदा करंजाड्याला जाते. तिसरा मजला, लिफ्ट, पाणी चढायची भीती नाही. खालांचा पलंग भिंतीला लावलेला आहे आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे. मागच्या वेळी मी त्यांच्याशेजारी बसून काहीबाही सांगत होते. त्यांना पाणी हवं होतं. त्यांनी बोलता बोलता हात मागं नेला आणि बोटाच्या पेरानं भिंतीवर दोनदा ठोकलं. लेक पलीकडे भाकरी थापत होती. तिनं उलट ठोकलं नाही. तिला तेवढा वेळच लागला नाही. ती दारात उभी होती, दोन्ही हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठाचे.